‘मोघम’ कुणाच्या सोयीचे?

कोर्टाच्या आवारात एक इंग्रजी शब्द दिवसातून दहा वेळा कानावर पडतो. तो शब्द म्हणजे ‘व्हेग’. फिर्याद व्हेग आहे, जबाब व्हेग आहे, आरोप व्हेग आहेत. आता हा शब्द कोर्टापुरता राहिलेला नाही. कॉलेजातली मुलेही सहज म्हणतात, ‘सर फार व्हेग बोलले.’ शब्दकोश उघडला तर अर्थ सापडतो : अस्पष्ट, संदिग्ध, मोघम. तीन शब्द एका ओळीत छापलेले असतात, म्हणून आपण ते एकाच अर्थाचे समजतो. पण ते तसे नाहीत, आणि त्यांच्यातला फरक समजून घेणे हे आपल्या समाजाच्या दृष्टीने केवळ भाषेचे काम नाही.

सातबाऱ्याची झेरॉक्स पुसट आली आणि अक्षर लागत नसेल, तर ती नक्कल अस्पष्ट. एका वाक्याचे दोन अर्थ निघतात आणि कोणता धरावा कळत नाही, तेव्हा ते वाक्य संदिग्ध. आणि अक्षर स्वच्छ आहे, वाक्यही साधे आहे, पण ते कुठे सुरू होते आणि कुठे संपते याचा पत्ताच लागत नाही, तेव्हा ते मोघम. ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’ हे वाक्य वाचायला अगदी स्पष्ट आहे. त्याचे दोन अर्थही होत नाहीत. पण योग्य म्हणजे काय, कोण करणार, कधी करणार? काहीच नाही! हा मोघमपणा. अस्पष्ट कागद चष्म्याने वाचता येतो, संदिग्ध वाक्याचा खुलासा मागता येतो. मोघम शब्दाचा अर्थ मात्र ज्याच्या हातात शिक्का असतो तोच ठरवतो.

या इंग्रजी शब्दाचे कूळ पाहिले तर आपले डोळे उघडतील. ‘व्हेग’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘व्हेगस’ या शब्दापासून आला. व्हेगस म्हणजे भटकणारा, एका जागी न थांबणारा. त्याच घराण्यातला दुसरा शब्द ‘व्हॅगाबाँड’, म्हणजे भटक्या, उनाड. याचा अर्थ असा की, युरोपच्या भाषेत ज्याला ठावठिकाणा नाही तो माणूस आणि ज्याला ठावठिकाणा नाही तो अर्थ, हे दोघे एकाच मुळातून निघाले. भटक्या माणसाविषयी जो संशय होता, तोच त्या शब्दाच्या अंगाला चिकटला.

हा योगायोग म्हणून सोडून देता आला असता. पण कायद्याचा इतिहास तसे करू देत नाही. इंग्लंडने १८२४ साली व्हेग्रन्सी अ‍ॅक्ट केला. त्यात आळशी, बेशिस्त, लुच्चे आणि भटके अशा वर्गवाऱ्या करून माणसे तुरुंगात टाकण्याची सोय होती. भटक्या माणसाला पकडायचे तर त्याने अमुक कृत्य केले असे सांगता येत नाही, कारण त्याने काही केलेलेच नसते. म्हणून मग शब्दच असे वापरावे लागतात की ज्यात कोणीही बसेल. भटक्यांसाठी केलेला कायदा मोघम असतो, तो काही मसुदा लिहिणाऱ्याच्या आळसामुळे नव्हे. तो मोघम नसेल तर त्याचे कामच चालत नाही!

हे समजून घ्यायला सोलापूरकरांना इंग्लंडला जाण्याची गरज नाही. आपल्याच शहरात सेटलमेंट फ्री कॉलनी आहे. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर अशा क्रमांकांनी ती वस्ती आजही ओळखली जाते. रिक्षावाल्याला ‘सेटलमेंट’ एवढे सांगितले तरी पुरते. पण ‘फ्री’ हा शब्द तिथे का आला, हे किती जणांना ठाऊक आहे? ‘फ्री’ आला, कारण त्याआधी ती माणसे फ्री नव्हती. काटेरी तारांच्या कुंपणात कैकाडी, पारधी, टकारी अशा जमातींची कुटुंबेच्या कुटुंबे ठेवली होती. हजेरी द्यायची, पास घेऊन बाहेर पडायचे, वेळेत परत यायचे. याच माणसांच्या घामावर सोलापूरच्या गिरण्याही चालल्या. त्यांचा गुन्हा कोणता? जन्म!

ज्या कायद्याने हे केले तो १८७१ चा क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट. पुढे १९११ आणि १९२४ साली तो वाढवला, घट्ट केला. त्याची भाषा पाहा. एखादी जमात, टोळी किंवा लोकांचा वर्ग अजामीनपात्र गुन्हे पद्धतशीरपणे करण्याच्या आहारी गेला आहे, असे ‘मानण्यास सरकारला कारण असेल’ तर ती जमात गुन्हेगार म्हणून जाहीर करता येत होती. कोणते कारण? सांगायची गरज नाही. कोणता गुन्हा, कोणत्या तारखेचा, कोणत्या माणसाचा? विचारायची सोय नाही. ‘आहारी गेला आहे’ हे कशावरून ठरले? सरकारला वाटले म्हणून! दारूच्या आहारी माणूस जातो. इथे आईच्या पोटातले मूलसुद्धा गुन्ह्याच्या आहारी गेलेले ठरले.

बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत अस्पृश्य, आदिम जमाती आणि गुन्हेगार ठरवलेल्या जमाती या तिघांना एकाच रांगेत उभे करून हिंदू संस्कृतीला जाब विचारला होता. सेटलमेंटचा प्रश्न हा ‘त्यांचा’ प्रश्न आहे असे मानणाऱ्या आपल्यातल्या काही जणांनी ती प्रस्तावना पुन्हा वाचावी.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर तो कायदा गेला. त्या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. पण कायदा गेला तरी शब्द गेला नाही. ‘गुन्हेगार जमाती’च्या जागी ‘सराईत गुन्हेगार’ आला आणि राज्याराज्यांतून त्याचे कायदे झाले. मुंबई राज्याने तो १९५९ साली केला. मराठीत ‘भामटा’ म्हणजे लबाड, आणि विमुक्त जमातींच्या यादीत ‘राजपूत भामटा’ हे नाव आहे. ज्या भाषेत जमातीचे नाव आणि शिवी एकच आहे, त्या भाषेतल्या पोलीस ठाण्यात ‘सराईत’ या शब्दाचा अर्थ कोणाच्या अंगावर पडणार हे सांगायला ज्योतिषी नको. अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांतही हे विष शिल्लक होते. काही ठिकाणी कैदी ‘भटक्या जमातीचा’ असणे एवढेच त्याच्यावर अविश्वास दाखवायला पुरेसे धरले होते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता खटल्यात अशा तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या, कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला आणि नियमावल्यांतल्या ‘सराईत’च्या मोघम व्याख्यांना चाप लावला. १९५२ ते २०२४ म्हणजे बहात्तर वर्षे. एक मोघम शब्द किती टिकतो याचा हा हिशेब आहे.

त्याच १९५९ साली आणखी एक कायदा झाला, मुंबई भीक प्रतिबंधक कायदा. त्यातली भीक मागण्याची व्याख्या प्रत्येक कार्यकर्त्याने वाचली पाहिजे. गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करणे, वस्तू विकायला पुढे करणे, या निमित्ताने भिक्षा घेतली तरी ती भीकच. एवढ्यावर थांबले नाही. उदरनिर्वाहाचे दिसेल असे साधन नसणे आणि सार्वजनिक जागी अशा अवस्थेत वावरणे की हा भिकेवर जगत असावा असे वाटावे, हेही भीक मागणेच! वाटावे कुणाला? पकडणाऱ्या पोलिसाला. त्याला वॉरंट लागत नाही, आणि पहिल्या खेपेलाच किमान एक वर्ष कोंडून ठेवण्याची तरतूद आहे. डोंबारी, वासुदेव, पोतराज, नंदीवाले यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय एका वाक्यात गुन्हा झाला. दिल्ली उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी या कायद्याची मुख्य कलमे दिल्लीपुरती रद्द केली. ज्या राज्यात तो जन्मला त्या महाराष्ट्रातून मात्र तो गेलेला नाही.

आणि ज्या महिनाभराच्या अंतराने दिल्लीचा हा निकाल आला, त्याच्या अलीकडे काय घडले होते? १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा. नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठेचून मारले. त्यांतले बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातले होते. पोटासाठी गाव सोडून भिक्षा मागत फिरणारी माणसे. त्यांच्याविरुद्ध पुरावा काय होता? मोबाइलवर फिरणारी अफवा आणि ‘ही माणसे संशयास्पद वाटतात’ ही भावना. आम्ही असे म्हणत नाही की त्या जमावाने १८७१ चा कायदा वाचला होता. पण दीडशे वर्षे सरकार, पोलीस आणि कागद ज्या माणसांकडे पाहून ‘संशयास्पद’ म्हणत आले, त्यांना पाहून जमावानेही तेच म्हटले. मोघम शब्द कागदावर असतो तोवर शाई असते. तो चावडीवर आला की त्याची काठी होते.

न्यायालयांनी हा धोका ओळखलेला नाही असे नाही. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातल्या जॅक्सनव्हिल शहराचा भटकेगिरीविरोधी नियम तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली मोघम म्हणून रद्दच केला. त्या नियमात ‘कायदेशीर हेतूशिवाय इकडून तिकडे भटकणारे’ असे शब्द होते. अटक झालेल्यांत दोन काळे तरुण आणि दोन गोऱ्या तरुणी होत्या, आणि ते चौघे एका मोटारीत एकत्र बसले होते. शब्द मोघम होते, पण वापरणाऱ्याला काय हवे आहे ते अजिबात मोघम नव्हते!

आपल्याकडे तर त्याच्या दशकभर आधी हे झाले. मध्य प्रांत व वऱ्हाडचा १९४६ चा गुंडाविरोधी कायदा. वऱ्हाड म्हणजे आपलाच विदर्भ. त्यात गुंड म्हणजे दांडगा, मवाली किंवा भटक्या अशी व्याख्या होती. पुन्हा तोच ‘व्हॅगाबाँड’! बलदेव प्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला, कारण कोणाला गुंड म्हणायचे याची कसोटीच त्यात दिलेली नव्हती. हा निकाल १९६१ च्या निकालसंग्रहात छापलेला आहे. पुढे २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ हे कलम गेले. ‘त्रासदायक’, ‘गैरसोयीचे’, ‘अतिशय आक्षेपार्ह’ असे त्याचे शब्द होते. याच कलमाखाली २०१२ च्या नोव्हेंबरात पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरच्या चार ओळींसाठी अटक झाली होती. या निकालांमागचे तत्त्व साधे आहे. काय केले म्हणजे गुन्हा होतो हे नागरिकाला आधी कळले पाहिजे. आणि गुन्हा कोणता हे ठरवण्याचे काम शिपायाच्या मर्जीवर सोडता कामा नये.

मग प्रश्न असा येतो की, सगळेच न बांधलेले शब्द वाईट असतात काय? इथे बाबासाहेबांकडे पाहावे लागते. घटनेच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. पण अस्पृश्यता म्हणजे काय याची व्याख्या घटनेत कुठेही नाही. शब्द नुसता अवतरण चिन्हांत आहे. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत हा अनुच्छेद आला, तेव्हा के. टी. शहा यांनी व्याख्या नसल्याकडे लक्ष वेधले, नझिरुद्दीन अहमद यांनी शब्द बदलणारी दुरुस्ती सुचवली. बाबासाहेबांनी ती स्वीकारली नाही. शब्दाशब्दाचा कीस काढणारा हा कायदेपंडित इथे व्याख्या न करता पुढे जातो, ते का? २०१८ च्या शबरीमला खटल्यात न्या. धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात याचा अर्थ असा लावला की, व्याप्ती मोठी राहावी म्हणूनच तो शब्द मोकळा ठेवला. आम्हालाही तेच पटते. पाणवठा आणि देऊळ एवढी यादी केली असती, तर कपबशी सुटली असती, भाड्याचे घर सुटले असते. जात रोज नवे वेष घेते. व्याख्या एकदाच लिहिली जाते.

म्हणजे कसोटी हाती आली. शब्द मोकळा आहे की बांधलेला, एवढे पाहून भागत नाही. तो कोणाच्या हातात आहे आणि कोणावर चालतो, हे पाहायचे. जुलूम करणाऱ्याला पळवाट मिळू नये म्हणून मोकळा ठेवलेला शब्द हे संरक्षण आहे. दुबळ्याला कधीही पकडता यावे म्हणून मोकळा ठेवलेला शब्द हा फास आहे.

आता या कसोटीवर आजचा व्यवहार घासून पाहू. राज्यसत्तेला आपल्यावर चालवायचे शब्द मोघम लागतात. पण आपण हक्क मागायला गेलो की तीच सत्ता काटेकोर होते! अ‍ॅट्रॉसिटीची फिर्याद घ्या. नेमका शब्द कोणता उच्चारला, कोण ऐकत होते, जागा ‘लोकांच्या नजरेसमोरील’ होती की नाही? घराच्या अंगणात शिवी दिली तर ते अंगण रस्त्यावरून दिसते काय, यावर २००८ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत काथ्याकूट झाला. चार भिंतींच्या आत, बाहेरचा कोणी नसताना झालेला अपमान यात बसत नाही, असे २०२० मध्ये सांगितले गेले. खैरलांजीत २००६ साली एका कुटुंबातले चौघे मारले गेले, तरी जातीच्या ‘कारणावरून’ मारले हे न्यायालयाला दिसले नाही आणि अ‍ॅट्रॉसिटीचे कलम लागले नाही. २०१५ च्या दुरुस्तीने ते शब्द बदलून ‘जात माहीत असताना’ असे करावे लागले. एका शब्दाची किंमत किती, हे आणखी कसे सांगावे?

जातीच्या दाखल्याचे तेच. विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्याला गाव नव्हते, ज्याचे मूल पालात जन्मले, ज्याच्या बापाची नोंद असलीच तर पोलिसांच्या हजेरीपटावर, त्याने तारीख आणि गाव सांगायचे! पकडताना ज्याची ओळख ‘भटक्या’ एवढ्या एका शब्दात पुरली, त्यालाच सवलत देताना मात्र बापजाद्यांचा पत्ता विचारतात.

आणि नवे शब्दही येतच आहेत. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केले. त्यातल्या बेकायदेशीर कृत्याच्या व्याख्येत सार्वजनिक सुव्यवस्थेला अडथळा आणणारे कृत्य तर आहेच, पण अडथळा आणण्याकडे ‘कल असणारे’ कृत्यही आहे. प्रस्थापित कायद्याची व त्याच्या संस्थांची अवज्ञा करण्यास प्रोत्साहन देणेही आहे. उद्देश नक्षलवाद रोखण्याचा आहे, असे सरकार सांगते. असेल. पण उद्देश भाषणात असतो, कोर्टात व्याख्या वाचली जाते. १९२७ साली महाडला जे झाले ते या शब्दांत बसते की नाही, हे प्रत्येकाने स्वतःशी वाचून पाहावे.

मग करायचे काय? नुसता निषेध करून मोघम शब्दाचे काही बिघडत नाही. त्याला प्रश्न विचारून खिंडीत गाठावे लागते. दिवाणी प्रक्रिया संहितेत यासाठी फार चांगला नियम आहे. आदेश ८, नियम ३ ते ५. प्रतिवादीने आरोप नाकारायचा तर नेमका नाकारला पाहिजे. गोलमाल नकार चालत नाही. नेमकेपणाने न नाकारलेली गोष्ट कबूल केली असे धरले जाते. प्रत्येक शाखेने हा नियम आपल्या कार्यपद्धतीत आणला पाहिजे.

‘योग्य ती कार्यवाही’ असे उत्तर आले की माहिती अधिकारात दुसऱ्याच दिवशी विचारा : कोणती कार्यवाही, कोणत्या नियमाखाली, कोणत्या अधिकाऱ्याने, कोणत्या तारखेला? तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. निर्णय तुमच्याविरुद्ध गेला असेल तर कारण मागा. ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्याला कारणे कळवलीच पाहिजेत, असे २००५ च्या त्याच कायद्याचे कलम ४ सांगते. फिर्याद देताना ‘जातीवाचक शिवीगाळ केली’ एवढे लिहून उठू नका. उच्चारलेला शब्द जसाच्या तसा, जागा, वेळ, ऐकणाऱ्यांची नावे, सगळे लिहून घ्या, वाचून पाहा, मगच सही करा आणि फिर्यादीची प्रत विनामूल्य घेऊनच ठाण्याबाहेर पडा. आणि सेटलमेंटमधल्या, पालावरच्या पोराला ‘संशयावरून’ उचलले असे कळले, तर आपला एक तरी माणूस तासाभरात ठाण्यावर पोहोचून विचारू दे : संशय कशाचा, कोणत्या गुन्ह्याचा, नोंद कुठे आहे?

एवढे विचारायला वकिली लागत नाही. बाबासाहेबांनी ‘शिका’ म्हटले ते नुसते पदवीसाठी नव्हे. साहेबाच्या टेबलावरचे वाक्य आपल्याला वाचता यावे आणि त्यात काय लिहायचे टाळले आहे तेही वाचता यावे, हा त्या शिकण्याचा अर्थ आहे. येत्या ३१ ऑगस्टला, विमुक्त दिनी, आपल्या वस्त्यांतल्या कार्यकर्त्यांनी सेटलमेंटमध्ये जावे, भाषणे थोडी कमी करावीत आणि तिथल्या बांधवांसोबत बसून १९५९ च्या त्या दोन्ही कायद्यांच्या व्याख्या मोठ्याने वाचाव्यात. ज्यांच्यासाठी ते शब्द लिहिले गेले, त्यांनी ते ऐकलेच पाहिजेत. जयभीम!